सबीकाच्या छतातला बर्फ

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. कुवेतमध्ये बाहेर एकोणपन्नास अंश तापमान होतं, मोटारीच्या दाराला हात लावला की चटका बसत होता, आणि कैफान वस्तीतल्या एका जुन्या घराच्या छतात बर्फ धरला होता. तो बघायला आलेल्यांच्या गाड्यांनी गल्लीची दोन्ही तोंडं बंद झाली होती.

दारात चपलांचा ढीग होता. आतल्या मोठ्या खोलीत बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि पुरुष दारापाशी माना उंच करून उभे होते. छतातली एक चौकोनी फळी काढून ठेवली होती. त्या भोकातून एसीच्या यंत्राची तांब्याची नळी दिसत होती आणि त्या नळीवर मनगटाएवढा जाड, पांढराशुभ्र बर्फ! खाली शिडी लावली होती. धीट बायका शिडी चढत, बर्फाला बोट लावत, तेच बोट कपाळाला लावत आणि खाली उतरून शेजारणीला सांगत, "खरा आहे गं! गार आहे!"

"माझ्या घरचा एसी पंचवीस वर्षं चालतोय," शेजारची गनीमा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कधी त्याला घाम फुटला नाही. आणि हिच्या घरी बघा, माशाअल्ला!"

शिडीशेजारी अबू नसीम उभा होता. 'नसीम' म्हणजे मंद वारा, आणि 'अबू' म्हणजे बाप. वाऱ्याचा हा बाप चाळिशीचा, गुबगुबीत, अत्तरात बुडवून काढल्यासारखा होता. आवाज मात्र असा गोड, की ऐकणाऱ्याला झोप यावी.

"घर म्हणजे काय, भगिनींनो? घर म्हणजे देह. आणि देहाला नाक असतं." त्याने छतातल्या जाळीकडे बोट केलं. यंत्र खोलीतली हवा ओढून घेतं ती याच जाळीतून. "हे तुमच्या घराचं नाक. लोकांची नजर आत शिरते ती इथून. बाजारातला फिल्टर काय गाळतो? धूळ! धुळीने कधी कोणाचा संसार मोडलाय?"

"नाही!" बायका म्हणाल्या.

"माझा फिल्टर सात थरांचा. तो नजर गाळतो. नजर गेली की घरातली आग विझते. आग विझली की काय होतं?"

"बर्फ!"

"मी नाही हं म्हटलं. तुम्हीच म्हणालात."

मग त्याने जाळी उघडून आठवड्यापूर्वी बसवलेला फिल्टर बाहेर काढला. तेव्हा तो दुधासारखा पांढरा होता, हे सर्वांनी पाहिलं होतं. आता तो तव्याच्या बुडासारखा काळा होता. खोलीतून एक लांब उसासा निघाला.

"ही उम्म मिशारीवरची नजर," अबू नसीम हळूच म्हणाला. "फक्त सात दिवसांची."

उम्म मिशारी, म्हणजे मिशारीची आई, घरची मालकीण सबीका. ती भिंतीकडच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली होती. सत्तरीला आलेली, बारीक चणीची. डोळ्यांत चमक होती आणि दर दोन वाक्यांमागे खोकला होता. खोकला आला की अबू नसीम म्हणायचा, "अडवू नका, बाहेर पडतंय ते." मग बायका कौतुकाने तिच्याकडे बघायच्या.

असरची, म्हणजे दुपारच्या उतरत्या उन्हातल्या नमाजाची, बांग झाली. अबू नसीमने भिंतीवरचं बटण दाबून एसी बंद केला. थोड्या वेळाने छतातून एक थेंब पडला, मग दुसरा, मग धारच लागली. "घर रडतंय!" गनीमा ओरडली, आणि बायकांनी आणलेल्या बाटल्या पुढे केल्या.

या सगळ्या गर्दीत एकच माणूस बाटलीशिवाय आला होता. तो सबीकाचा धाकटा भाऊ बरजस. मुलांच्या शाळेत त्याने तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि त्या तीस वर्षांत त्याचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पलीकडे कधी पोचला नव्हता. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे कोणी 'अबू अमुक' म्हणत नसे. 'उस्ताद', म्हणजे मास्तर, म्हणत, तेही वाटेत धक्का लागला तर. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. तो दाराच्या कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "पण हवा कमी पडली की नळीवर..." शेजारच्या माणसाने त्याला प्रेमाने बाजूला सारलं. त्या माणसाची बाटली भरायची राहिली होती.

माणसं पांगल्यावर घरात तिघंच उरली. बरजस, सबीका आणि पंधरा वर्षं तिच्याकडे राहिलेली श्रीलंकेची कुमारी. ती फरशी पुसत होती.

"पंप कुठे आहे तुझा?" बरजसने विचारलं. सबीकाला दम्याचा त्रास जुना होता. पंप नेहमी तिच्या उशाशी असे.

"फडताळात. अबू नसीम म्हणाला, तो उसना श्वास आहे. उसन्या श्वासाची सवय लागली की स्वतःचा विसरतो."

"आणि तू ऐकलंस?"

"अरे, चांगला फिल्टर हवा म्हणून मीच शोधत होते ना. जूनमधल्या त्या वादळानंतर घरभर पिठासारखी धूळ. कोणता घ्यावा, कोण सांगणार? मिशारीला फोन केला तर म्हणाला, बघतो. गनीमाने हा माणूस आणला."

सुरुवात अशी सरळ प्रश्नाने झाली होती. दम्याच्या बाईने घरासाठी कोणता फिल्टर घ्यावा? उत्तर देणारा पहिला जो भेटला, तो चोर निघाला.

"सबीका, तो बर्फ..."

"मला माहीत नाही असं वाटतं तुला?" ती एकदम म्हणाली. "चाळीस वर्षं फ्रिज वापरलाय मी. त्यातही बर्फ धरतो."

बरजस चकित झाला. "मग?"

"मग काय! फ्रिज बघायला कोणी येत नाही."

कुमारीने फडकं पिळलं. बादलीत पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"सहा वर्षं झाली नवऱ्याला जाऊन," सबीका म्हणाली. "मिशारी जहराच्या पलीकडे राहायला गेला. आधी शुक्रवारचं जेवायला यायचा. मग शुक्रवारी फोन करायचा. मग तोही नाही. आता रोज येतो, नातवंडं घेऊन. तूसुद्धा आज किती महिन्यांनी आलास रे? दोन गल्ल्या पलीकडे राहतोस. सांग, बर्फ वितळला की हे सगळे कुठे जातील?"

शेवटचा कधी आलो हे बरजसलाही आठवत नव्हतं.

"धाप लागते, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण एकटीने नीट श्वास घेण्यापेक्षा माणसांत लागलेली धाप बरी."

दुसऱ्या दिवशी तो शुवैखच्या कारखान्यांच्या भागात गेला. तिथे शहाता नावाचा इजिप्शियन दुकानदार एसीचे सुटे भाग विकत असे. बरजसने अबू नसीमकडून स्वतःसाठीही एक फिल्टर विकत घेतला होता. "उस्तादही आले आमच्यात!" असं म्हणून अबू नसीमने त्याला मिठी मारली होती. तो फिल्टर त्याने शहातापुढे ठेवला.

शहाताने तो उलटसुलट केला. "बाशा, तुम्हाला एसी हवाय की भिंत?"

"म्हणजे?"

"तोंडावर धरा. हं. आता श्वास ओढा."

बरजसने ओढला. छातीत कळ आली.

"तुम्हाला येत नाही, तर त्या बिचाऱ्या पंख्याला कसा येईल? हा गाद्यांमधला नमदा आहे, सात पदरी शिवलेला." शहाताने मागून तीन नमुने काढले. "हा बघा, यंत्राबरोबर येतो तो. नायलॉनची जाळी. केस अडकतात, कापसाचे पुंजके अडकतात, आपली बारीक धूळ हसत हसत पार होते. हा दुसरा, सगळ्यात दाट. हा दवाखान्यांसाठी. तिथले पंखे बैलासारखे ओढतात. घरात लावलात तर हवा अडकते. आणि हा मधला, घड्यांचा. घड्या का? कापड जास्त मावतं, जागा तेवढीच लागते. बारीक धूळ अडते, हवा जाते."

"म्हणजे दाट तितका चांगला, असं नाही?"

"रजई तोंडावर घेऊन झोपता का तुम्ही? यंत्राला झेपेल त्यातला दाट घ्यायचा. माप बरोबर घ्या, कडेला फट राहिली तर धूळ फटीतूनच जाईल. चौकटीवर बाण असतो, तो हवेच्या दिशेने लावा. आणि दर पंधरा दिवसांनी खाली काढून उजेडापुढे धरा. उजेड दिसेनासा झाला की टाकून द्या. झालं! यात मंत्र कसला?"

मग बरजसने चाचरत बर्फाची गोष्ट सांगितली. शहाता इतका हसला की त्याला टेबल धरावं लागलं. "बहिणीला सांगा, हा चमत्कार माझ्याकडे रोज दुरुस्तीला येतो!" हसू ओसरल्यावर त्याने पाच मिनिटांत सगळं समजावलं. बरजसने ते वहीत लिहून घेतलं.

पण घरी आल्यावर त्याला शंका आली. अबू नसीमचं ऐकून लोकांनी मान डोलावली. आपण शहाताचं ऐकून मान डोलावली. फरक काय? शंभर माणसं एक गोष्ट बघतात आणि एक म्हातारा वेगळं म्हणतो, तेव्हा म्हाताऱ्याने आधी स्वतःला तपासलं पाहिजे.

म्हणून त्याने अबू नसीमचा फिल्टर स्वतःच्या घरच्या जाळीत बसवला आणि सात दिवस रोजच्यासारखा राहिला. सकाळी वाचन, दुपारी वाचन, कोणाशी बोलणं नाही. आठव्या दिवशी फिल्टर काढला. तो वाळूच्या रंगाचा झाला होता. काळेपणाचा ठिपकाही नव्हता.

तो घेऊन बरजस सबीकाकडे गेला. खोली भरलेली होती. या वेळी तो चार पावलं पुढे गेला.

"अबू नसीम, हा तुमचाच फिल्टर. सात दिवस माझ्याकडे होता. हा काळा झाला नाही."

अबू नसीमने फिल्टर हातात घेतला, पाहिला आणि दयाळूपणे हसला.

"उस्ताद, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मीच."

"मुलंबाळं?"

"नाहीत."

"पाहुणेरावळे?"

बरजसने नकारार्थी मान हलवली.

"मग उस्ताद, ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा हेवा कोण करणार? नजर लागायला आधी काहीतरी असावं लागतं!"

खोली हसली. दारातले पुरुषही हसले. एकटी सबीका हसली नाही. ती आपल्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. बरजस फिल्टर काखेत घेऊन घरी चालत आला. इतक्या उन्हात तो चालत आला हे त्याला घरी पोचल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी त्याने पुस्तक उघडलं नाही. माणूस खोटा होता, पण बोलला ते खरं होतं. आपला हेवा करील असं खरंच कोणी नाही. हे वाक्य मनात फिरता फिरता हळूहळू त्याची धार बोथट झाली आणि त्याच्या आत दुसरंच काही दिसू लागलं. अबू नसीमने एक पक्की गोष्ट कबूल केली होती, तीही सगळ्यांसमोर. बरजसच्या घरी नजर नाही. मग नजर नसलेल्या घरात फिल्टर काळा करून दाखवला तर?

त्याला आठवलं, सबीकाच्या खोलीत जाळीच्या बरोबर खाली धुपाटणं ठेवलेलं असतं.

बखुराची, म्हणजे सुगंधी लाकूड आणि राळेची, धुरी तर घरोघरी देतात. पाहुणा उठायच्या आधी धुपाटणं फिरवायचं, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. अबू नसीमने फक्त दोन गोष्टी बदलल्या होत्या. धुरी फिरवायची नाही, घराच्या नाकाखाली ठेवायची, आणि बखूर त्याच्याकडचाच घ्यायचा. बरजसने कुमारीला फोन करून त्यातले थोडे तुकडे मागवले. हातात घेतल्यावर बोटं काळी झाली. स्वस्त राळ होती ती. पेटवल्यावर, कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी धरायची.

"बाबा, अजून एक सांगू?" कुमारी फोनवर म्हणाली. "तो माणूस आला की आधी भिंतीवरचा आकडा सोळावर नेतो. मी चोवीसवर आणलं तर रागावतो."

बरजसने अबू नसीमकडून, कोणाच्या तरी हाती, दुसरा कोरा फिल्टर मागवून जाळीत लावला. बायकोचं धुपाटणं कपाटातून काढलं. अकरा वर्षं ते पेटलं नव्हतं. त्याच्या तळाला तिने शेवटच्या पेटवलेल्या धुरीची राख तशीच होती. ती त्याने सांडू न देता एका पाकिटात ठेवली आणि मग धुपाटणं पेटवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुमारीचा फोन आला. "बाबा, लवकर या. मॅडमचे ओठ निळे पडलेत."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईने पहिलाच प्रश्न विचारला, "घरात धूर कशाचा होतो?" सबीकाला दोन दिवस तिथे ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली तर अबू नसीम दारातच उभा.

"जाताना नजर गळा धरतेच, उम्म मिशारी! आता शेवटचं शेपूट राहिलंय. रोज पाच वेळा धुरी द्या, आणि तो पंप फेकून द्या."

बरजसने भाच्याला बाजूला घेतलं. मिशारी धिप्पाड होता, पण मामासमोर नजर चुकवत होता.

"मामा, खोटं असेल तर असू दे ना. आई किती खूश आहे बघ."

"ती बर्फामुळे खूश नाही. तू रोज येतोस म्हणून खूश आहे."

मिशारी गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

त्या दिवशी बरजसने वस्तीच्या फोनवरच्या गटात एक निरोप लिहिला. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. पाचव्या वेळी पाठवून फोन उशीखाली ठेवला. 'गुरुवारी असरनंतर आमच्या दिवाणियात बर्फ धरेल. चहा आणि खजूर आहे. सबीकाला दाराशेजारची खुर्ची राखून ठेवली आहे. बरजस.'

दिवाणिया म्हणजे घराच्या पुढच्या बाजूची पुरुषांच्या बैठकीची खोली. बरजसच्या वडिलांच्या काळात ती रोज भरत असे. वडिलांनंतर काही वर्षं माणसं आली, मग बायकोच्या आजारपणात ती बंद झाली ती झालीच. त्याने स्वतः गाद्या झटकल्या. छतातली फळी काढली. जाळीत काहीतरी बसवून ती घट्ट लावली आणि दुपारी बारा वाजता एसी सोळावर नेला.

तीन वाजता शिडी चढून पाहिलं. नळीवर नुसतं दंव होतं, बोटाने पुसलं जाईल एवढं. मग वहीत लिहिलेलं आठवलं. बर्फ होतो खोलीतल्या ओलाव्याचा. आणि या खोलीत ओलावा आणणार कोण? एकट्याच्या श्वासातून बर्फाला पुरेल एवढी वाफही निघत नव्हती.

आणि माणसं आली. बर्फ बघायला कोण येणार नाही? आधी दोन, मग दहा, मग दिवाणिया भरली. बायका शेजारच्या खोलीत उघड्या दारापाशी बसल्या, सबीका सर्वांत पुढे. बरजसने दोन मोठ्या किटल्या उकळत ठेवल्या. बाहेरून समुद्रावरचा दमट वारा दार उघडलं की आत घुसत होता. तासाभरात नळी पांढरी झाली. आणखी थोड्या वेळात तिने बाळसं धरलं.

अबू नसीम सर्वांत शेवटी आला. त्याने वर पाहिलं. क्षणभर त्याचा चेहरा पडला, पण दुसऱ्याच क्षणी दोन्ही हात वर गेले.

"पाहिलंत? ज्यांनी शंका घेतली त्यांच्याही घरी कृपा झाली! उस्तादांनी माझा फिल्टर लावला, सात थरांनी आपलं काम केलं!"

"खात्री आहे?" बरजसने विचारलं.

"माझं काम मी ओळखणार नाही?"

बरजस शिडी चढला. जाळी उघडून त्याने आतली वस्तू खाली सोडली. ती सर्वांसमोर उलगडत पडली. लाल-पांढऱ्या चौकटींचा हिवाळ्यात बांधायचा जाड रुमाल.

"हा माझा रुमाल आहे," तो म्हणाला. "याच्या सात घड्या घातल्या होत्या. यावर कोणी मंत्र म्हटलेला नाही. गेल्या आठवड्यात धुतला होता, एवढंच."

आधी एक जण हसला. मग दिवाणिया अशी हसली की किटलीचं झाकण वाजलं.

"या रुमालाचा माझ्या फिल्टरशी काय संबंध..." अबू नसीम काही बोलू लागला, पण गनीमाने आतून आवाज दिला, "गप्प बस रे, उस्तादला बोलू दे!"

बरजस बोलला. आवाज नेहमीसारखाच बारीक होता. माणसंच गप्प झाली, त्यामुळे तो शेवटच्या गादीपर्यंत पोचला.

"यंत्रात एक गार जाळं असतं. खोलीतली ऊबदार हवा त्यावरून सतत वाहिली तर ते फार गार होत नाही. वाट बुजवली की हवा पोचत नाही. मग ते इतकं गार होतं की हवेतला ओलावा त्यावर गोठतो. नाकावर उशी दाबल्यासारखं आहे हे. बर्फ म्हणजे यंत्र गुदमरल्याची खूण आहे. असरला बंद केलं की बर्फ वितळतो, थेंब पडतात. घर रडत नाही. आणि गर्दी जितकी जास्त, तितका बर्फ जाड. कारण तो आपल्याच श्वासाचा आणि चहाच्या वाफेचा आहे."

मग त्याने दोन फिल्टर भिंतीला टेकवून ठेवले. एक वाळूच्या रंगाचा, एक काळाकुट्ट.

"दोन्ही अबू नसीमचेच. दोन्ही माझ्याच घरी सात-सात दिवस होते. पहिल्या आठवड्यात मी धुरी दिली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांचाच बखूर जाळीखाली जाळला." तो थांबला. पुढचं बोलायला त्याला जड गेलं. "माझ्याकडे काही नाही, माझा कोणी हेवा करत नाही, असं अबू नसीम सर्वांसमोर म्हणाले. मला ते मान्य आहे. मग या दुसऱ्या आठवड्यात माझा हेवा करायला कोण आलं?"

कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने काळ्या फिल्टरवर बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि म्हणाला, "धुरीचाच वास आहे की."

"हाच धूर माझी बहीण रोज ओढत होती. आणि तिचा पंप फडताळात होता."

सगळ्यांच्या माना अबू नसीमकडे वळल्या. त्याला अचानक जहराला जायचं आठवलं. घाईत तो कोणाच्या तरी चपला घालून गेला. त्याच्या स्वतःच्या चपला बरजसच्या दारात राहिल्या. तो पुन्हा कैफानमध्ये दिसला नाही. आता दुसऱ्या कुठल्या वस्तीत तो घरांची नाकं तपासत असेल.

सबीका उठली. भावाकडे बघितलं नाही. कुमारीचा हात धरून ती निघून गेली.

आठवड्याभरात तिच्या गल्लीची दोन्ही तोंडं मोकळी झाली. गनीमा दोनदा येऊन गेली, मग तिच्या मुलीचं लग्न निघालं. मिशारी शुक्रवारी आला आणि जेवून गेला. उरलेले सहा दिवस घरात कुमारीच्या पावलांखेरीज आवाज नव्हता.

शनिवारी बरजस घड्यांचा फिल्टर घेऊन आला. सबीकाने दार उघडलं आणि न बोलता शिडी दाखवली. त्याने माप पाहिलं, बाण पाहिला, फिल्टर बसवला, आकडा चोवीसवर ठेवला. जाळीतून हवा ओढली जाऊ लागली. बऱ्याच दिवसांनी खोलीत एकसारखा मऊ आवाज भरला.

"गेले सगळे," सबीका म्हणाली.

"हो." तो शिडीवरच होता. खाली उतरायचा धीर होत नव्हता. "माझ्यामुळे."

तिने उशाशी ठेवलेला पंप घेतला, हलवला, एक दीर्घ श्वास आत ओढला आणि थांबवून सोडला. खोकला आला नाही.

"किती दिवस टिकतो हा?"

"धुळीचे दिवस नसतील तर दोन-तीन महिने. पंधरा दिवसांनी उजेडापुढे धरून बघायचा."

"म्हणजे तू पंधरा दिवसांनी येणार."

बरजसने विचार केला. रोज बघायला हवा, असं म्हणणं सोपं होतं. तिला बरंही वाटलं असतं. पण ते खोटं होतं.

"फिल्टरसाठी पंधरा दिवसांनी," तो शिडी उतरत म्हणाला. "उद्या चहाला येतो."

"चहाला?" ती त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघत म्हणाली. "फक्त चहाला?"

"हो."

"मग चारला ये. आणि पुस्तक आणू नकोस."

छतात बर्फ दिसला तर हात जोडण्याआधी जाळी उघडून बघावी. काळं काही दाखवलं तर ते आपल्याच घरातून आलंय का, हे तपासावं. कोणी औषध बंद करायला सांगितलं तर त्याला दार दाखवावं. यासाठी फार शिकलेलं असावं लागत नाही. एक प्रश्न विचारायचा धीर लागतो, आणि लोक हसले तरी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. आणि ज्यांच्या घरी महिनोन् महिने आपण गेलेलो नाही, तिथे आजच जाऊन यावं. एकट्या माणसाच्या दारात उभं राहायला छतात बर्फ धरण्याची वाट बघावी लागत नाही.